खांदा कसा आहे?

६ एप्रिल, रविवार

बिलचं पार्सल आलं. आत एक स्पीड गन, म्हणजे पोलीस गाड्यांवर रोखतात तसलं यंत्र, आणि कॉलेजच्या नावाची एक टोपी. टोपी मी सुलक्षणाला दिली. बागकामाला घालते म्हणाली, म्हणजे टोपीचं तरी भलं झालं.

बिल इथे इंग्लंडात, ब्रॅकनेल गावच्या ऑफिसात माझ्या शेजारी बसायचा. आता ओहायोतल्या एका लहानशा कॉलेजात बेसबॉलच्या पोरांना शिकवतो. त्याला इंग्लंडमधून एक पिचर हवा आहे. पिचर म्हणजे बॉल टाकणारा, पण 'बोलर' म्हटलं तर त्यांचं अमेरिकनपण कमी होतं. खरा स्काउट ठेवायची कॉलेजची ऐपत नाही, म्हणून त्याला मी आठवलो. 'शशिधर, तू फास्ट बोलर होतास, तुला नजर आहे,' असं लिहिलंय.

नजर आहे, यात वाद नाही. पुण्यात कॉलेजकडून खेळायचो तेव्हा समोरचा बोलर चौथ्या ओव्हरला दमणार की चौदाव्या, हे मी त्याच्या चालण्यावरून सांगायचो. पण ती नजर बेसबॉलवर खर्च करायची म्हणजे सोन्याच्या सुरीने कांदा चिरायचा. इथल्या शाळांत लहान मुली राउंडर्स खेळतात, त्याला गणवेश चढवला की बेसबॉल होतो.

सुलक्षणा म्हणाली, "जाच तुम्ही. रिटायर झाल्यापासून मी डिशवॉशरमध्ये लावलेली भांडी काढून परत लावत बसता."

ती लावते चुकीची, त्याला मी काय करू.

१३ एप्रिल, रविवार

हाउन्सलोजवळच्या पार्कात गेलो. ग्राउंड म्हणायचं आपलं. एका कडेला कुत्री फिरवणारे, दुसऱ्या कडेला फुटबॉल, डोक्यावर हीथ्रोची विमानं. सगळी टीम सूर्यफुलाच्या बिया चघळून टरफलं थुंकत होती. आपल्याकडे पान खाऊन थुंकलं तर दंड होतो, इथे तो खेळाचा भाग.

कोच डेबोरा. शाळेत पी.ई. शिकवते, पन्नाशीची आहे. तिची आजी मुंबईची मराठी ज्यू. त्या आजीचं मराठी हिच्यापर्यंत पोचता पोचता तीन शब्द उरलेत: खा, चूप आणि चल. तिच्या हातात एक क्लिकर असतो. पोराने बॉल टाकला की टिक. ठरावीक आकडा झाला की बदला पोराला, मग तो कितीही चांगला टाकत असो. मी हसलो. आमच्या वेळी दिवसभर बोलिंग टाकायचो आणि संध्याकाळी सायकलने घरी जायचो. आम्हाला कोणी मोजलं नाही.

आणि मग वीर नावाचा मुलगा मातीच्या उंचवट्यावर उभा राहिला. सतरा वर्षांचा, काटकुळा, बोटं लांब. नाव ऐकून कपाळावर हात मारला. इंग्लंडमधला पिचर शोधायला निघालो आणि सापडला तो आपलाच. कोपर वाकवून फेकतो. सगळेच तसे फेकतात. आमच्यात त्याला फेकी म्हणतात आणि अंपायर हात आडवा करतो, इथे टाळ्या वाजवतात.

पण बॉल कॅचरच्या ग्लव्हमध्ये शिरला तेव्हा असा आवाज झाला की लांबची दोन कुत्री वळून बघायला लागली. गनवर चौऱ्याऐंशी. मी गन झटकली, पुन्हा रोखली. पंच्याऐंशी. मैलांत.

इथे खोटं लिहून उपयोग नाही. माझ्या अंगावर काटा आला. चाळीस वर्षांत आला नव्हता.

मग डेबोराबाईंचा आकडा भरला आणि त्याला बसवलं. नाचता येईना म्हणून अंगण वाकडं करणारे पुष्कळ पाहिले. ज्याला नाचता येतं त्याच्याखालून अंगण काढून घेणारी ही पहिली.

वीरची आई मंजिरी घडीच्या खुर्चीवर बसली होती. जन्म हाउन्सलोचा, एअरपोर्टवर कार्गोत काम करते. नवरा लीड्सला दुसरी चूल मांडून बसलाय. "काका, तुम्ही खरंच अमेरिकासाठी बघायला आला? माझी मराठी वीक आहे, सॉरी." मी म्हटलं, चालेल. ती म्हणाली, "ही एकच गोष्ट त्याला हवा आहे. दुसरं काही मागत नाही तो."

'गोष्ट हवा आहे.' पण आईने सांगितलं ते समजलं मला.

२७ एप्रिल, रविवार

मायलेकांना जेवायला बोलावलं. ताटं मीच वाढली. सुलक्षणा चटणी जागा दिसेल तिथे टेकवते. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे, भाजी उजवीकडे, भात समोर. आईने शिकवलंय, यात कुणाचं मत विचारत नाहीत. या देशात माणसं प्लेटमध्ये सगळं ढीग करून वर ग्रेव्ही ओततात आणि स्वतःला सुधारलेले समजतात.

पोराने मात्र मला चकित केलं. सुलक्षणाने चमचा दिला तर बाजूला ठेवला आणि उजव्या हाताने, पाची बोटांनी वरणभात कालवून जेवला. तीन वेळा भात घेतला. "आजी असंच भरवायची," म्हणाला. मी मंजिरीला म्हटलं, मुलाला वळण आहे. ती लाजली.

जेवण झाल्यावर वीरने विचारलं, "काका, ऑनेस्टली, आय हॅव गॉट अ चान्स?" मी म्हटलं, तुझ्या क्लबातल्या इतरांना बघता तुलाच आहे. बिल सहा जुलैला स्वतः येणार आहे. जागा एक. दुसरा एक जर्मन मुलगा त्याच्या मनात आहे. वीर आवडला नाही तर जर्मन.

१४ मे, बुधवार

डेबोराच्या टिकटिकीने पिचर तयार होत नाही, क्लार्क तयार होतात. हात वापरून घडतो, कपाटात ठेवून नाही. म्हणून मी आता आठवड्यात दोनदा वीरला क्रिकेटच्या नेट्समध्ये घेऊन जातो. स्टंपांच्या जागी जुनी गादी टांगली आहे. डेबोराला कळवायची गरज वाटली नाही. वीर म्हणाला, "शी वुड किल मी." मी म्हटलं, म्हणूनच.

मी आंधळेपणाने करत नाही. फास्ट बोलरचं सगळं खांद्यात आणि कमरेत असतं. माझाही खांदा एका मोसमात गेला होता, त्यामुळे मला त्यातलं कळतं. सुरुवातीला विचारतो, मध्ये विचारतो, निघताना विचारतो. खांदा कसा आहे? "शोल्डर मस्त, काका." दाबूनही बघितला. लोण्यासारखा फिरतो.

आज सत्त्याऐंशी. गादी फाटली.

२ जून, सोमवार

बिलला वीरचे आकडे पाठवले होते. उत्तर आलं, 'तुझ्याशिवाय कुणी सांगितलं असतं तर विश्वास ठेवला नसता.' सुलक्षणाला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "बरं झालं. आता ते मूग निवडा."

८ जून, रविवार

कौतुक केलं ते अंगाशी आलं. आज वीर जेवायला आला तो सरळ डाव्या हातात चमचा घेऊन बसला. आमरस, पुरी, बटाट्याची भाजी असा बेत, आणि हा डाव्या हाताने पुरीचे तुकडे करतोय. करतोय म्हणजे काय, पुरीशी झटापट करतोय. मला राहवलं नाही. म्हटलं, "वीर, आपल्यात डाव्या हाताने जेवत नाहीत." त्याने सॉरी काका म्हणून चमचा उजव्या हातात घेतला. दोन घास खाल्ले आणि पोट भरलं म्हणाला. एप्रिलमध्ये तीनदा भात घेणारं पोर. इथल्या मुलांना जरा काही बोललं की लगेच भूक मरते. निघताना पेढ्यांचा बॉक्स आमच्या हातात दिला, तोही डाव्या हाताने. मी मुद्दाम हात पुढे केला नाही. सुलक्षणाने घेतला.

मंजिरीच्या शिफ्ट बदलल्यात, ती आलीच नव्हती. घरी मायलेकांचं एकत्र जेवण होत नाही म्हणे. मग वळण राहणार कुठून? दोन महिन्यांत पोर बिघडलं.

१८ जून, बुधवार

आज वेग थोडा कमी, पण सूर लागायला वेळ लागतो कधी कधी. गाडीत बसताना बॅग डाव्या खांद्यावर, फोनही डाव्याच हातात. म्हटलं, तू डावखुरा व्हायचं ठरवलंयस काय? तो हसला. "समथिंग लाइक दॅट."

परत येताना मध्येच विचारलं, "काका, तुमचा आर्म कधी दुखायचा? लाइक, रिअली दुखायचा?"

मी त्याला त्या मोसमाची गोष्ट सांगितली. खांद्यात कळा येत असताना बावीस ओव्हर टाकल्या, सात विकेट्स काढल्या, आणि दुसऱ्या दिवशी कंगवा धरता येत नव्हता तरी कुणाला कळू दिलं नाही. "ज्याला दुखत नाही तो बोलर नाही," असं म्हटलं. तो खिडकीबाहेर बघत राहिला, मग म्हणाला, "कूल." या पिढीला एवढा एकच शब्द पुरतो. जेवण कूल, मरण कूल.

"तुझा खांदा कसा आहे?"

"शोल्डर इज फाइन, काका. ऑनेस्ट."

२२ जून, रविवार

सुलक्षणाशी भांडण झालं. वीर आला होता, पिठलं-भाकरी होती. पाहतो तर ही त्याच्या ताटातली भाकरी स्वतः मोडून तुकडे करून देते आहे. सतरा वर्षांचा घोडा. तो गेल्यावर म्हटलं, दात येताहेत का त्याला? ती म्हणाली, "भाकरी मोडताना तोंड वाकडं करत होता पोरगा."

"भाकरी आवडत नसेल. पिझ्झा मोडताना तोंड वाकडं होत नाही यांचं."

ती म्हणाली, "तुम्ही बघता फार, पण तुम्हाला हवं तेवढंच बघता."

घ्या. जिला चेंडू कुठल्या बाजूने स्विंग होतो हे तीस वर्षं समजावून कळलं नाही, ती मला बघायला शिकवणार. उंटावरून शेळ्या हाकायला काही लागत नाही.

जेवताना तो पुन्हा डावखुरा. पुन्हा सांगितलं. या वेळी त्याने हात बदलला नाही, खाली मान घालून जेवत राहिला. आता उद्धटपणाही आला. अमेरिकेत गेल्यावर काय दिवे लावणार आहे कोण जाणे. पण ते बिलचं दुखणं, माझं नाही.

६ जुलै, रविवार

आज जे झालं ते झालं त्या क्रमाने लिहितो.

बिल आला. पोट सुटलंय, बाकी तोच. मला मिठी मारली, या लोकांना धीर नसतो. बरोबर कॉलेजची फिजिओ, पंचविशीतली मुलगी, नाव सॅली. मंजिरी सुट्टी काढून आली होती. डेबोरा होती, क्लिकर होता. मी गन घेऊन कॅचरच्या मागे उभा राहिलो. बिल म्हणाला, तू बोलशील तो आकडा मी मानीन. हे सगळ्यांच्या देखत म्हणाला.

पहिला बॉल एकोणनव्वद. बिलने वळून माझ्याकडे बघितलं. दुसरा अठ्ठ्याऐंशी. मला वाटलं, आईशपथ, हे मी घडवलं. चौथा-पाचवा असेल, तो कॅचरच्या डोक्यावरून गेला. मग एक जमिनीत. वीर हात झटकत होता, बोटं ओली असल्यासारखा. मी ओरडलो, "खांदा उघडू नकोस." त्याने मान हलवली आणि टाकला. एकाहत्तर. गनचं काहीतरी बिघडलं असं वाटून मी ती खाली-वर केली. वर पाहिलं तर वीर उंचवट्यावर गुडघ्यावर बसला होता आणि डाव्या हाताने उजवं कोपर धरलं होतं. 

डेबोरा सगळ्यांच्या आधी पोचली. सरावाचे धरून चाळीसच्या आत होता तिचा आकडा, ती सारखी तेच म्हणत होती, "पण मी त्याला जास्त टाकू दिलं नाही, मी कधीच जास्त टाकू दिलं नाही." वीर माझ्याकडे बघत नव्हता.

सॅलीने कोपर नुसतं आतल्या बाजूने दाबलं तर पोर कळवळलं. करंगळीला मुंग्या येतात? येतात. किती दिवस? त्याने मान फिरवली. तिने मंजिरीला विचारलं, घरी काही वेगळं दिसलं का? दात घासताना, जेवताना, काही दुसऱ्या हाताने करायला लागला का? मंजिरीला सांगता येईना. म्हणाली, आमची वेळच जमत नाही, मी येते तेव्हा तो झोपलेला असतो. ती रडायला लागली.

तेव्हा मी बोललो. त्या पोरीला नीट माहिती मिळावी म्हणून बोललो. म्हटलं, जूनच्या सुरुवातीपासून डाव्या हाताने जेवतोय. मी दोन-तीनदा टोकलं, पण ऐकत नाही.

एक विमान गेलं. ते गेल्यावर डेबोराने हळू विचारलं, "तुम्ही त्याला काय सांगितलंत?"

आणि माझं वाक्य तेव्हा मला ऐकू आलं.

९ जुलै, बुधवार

मंजिरीला तीनदा फोन केला. उचलला नाही. डेबोराला नेट्सचं सगळं सांगितलं, गादीसकट. तिने मध्ये एकदाही तोडलं नाही. शेवटी म्हणाली, "तुमच्या खेळात हात सरळ असतो, मिस्टर शशिधर. सगळा भार खांद्यावर येतो. आमच्यात कोपरावर येतो. म्हणून मोजतो आम्ही." मग तिने आजीच्या तीन शब्दांपैकी मधला वापरला, मी सॉरी म्हणायला लागलो तेव्हा.

कोपर वाकवून फेकतात हे मी पहिल्याच दिवशी पाहिलं होतं. थट्टा केली आणि पुढे गेलो.

मला लाज वाटते. इंग्रजीत हे 'सॉरी' म्हणून सोपं असतं, ते लोक दिवसभर म्हणतात.

२४ ऑगस्ट, रविवार

स्कॅनमध्ये कोपराचा लिगामेंट फाटलेला निघाला. ऑपरेशन करायचं की नुसतं थांबायचं ते ऑक्टोबरमध्ये ठरेल, कारण इथले डॉक्टर ऑक्टोबरशिवाय भेटत नाहीत. निदान वर्षभर बॉलला हात लावायचा नाही. बिलने जर्मन मुलगा घेतला. वीरला पुढे बघू असं लिहिलंय. अमेरिकन 'पुढे बघू' आणि आपलं 'पुढे बघू' यात काही फरक नाही.

आज वीर जेवायला आला. मंजिरीने दारापर्यंत सोडला आणि गाडीतून उतरली नाही. सुलक्षणा बाहेर जाऊन तिच्याशी काचेतून बोलली. माझ्याकडे मंजिरीने पाहिलं नाही, ते बरोबरच आहे.

वीरच्या कोपराला पट्टा आहे. टीव्ही बघत बसलो दोघं. क्रिकेट चालू होतं. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "काका, आय नेव्हर लाइड टू यू. तुम्ही रोज शोल्डरच विचारायचात."

मी म्हटलं, हो.

"मी वेट करत होतो, तुम्ही एकदा एल्बो विचाराल. मग मला सांगावा लागला असता." पट्टा चाचपत म्हणाला, "बट यू नेव्हर डिड, सो आय थॉट, कूल, आय कॅन कीप गोइंग."

बॅट्समन बोल्ड झाला, रिप्ले दाखवत होते. आम्ही दोघांनी तो पाहिला.

ताटं मी वाढली. माझं आणि सुलक्षणाचं नेहमीसारखं. वीरचं ताट उलटं वाढलं. भाजी डावीकडे, हाताशी येईल अशी. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर उजवीकडे. आई असती तर ताटावरून उठली असती. वीरला ताटाचं काही कळत नाही, त्याने बघितलंही नाही. सुलक्षणाने बघितलं. तिने त्याला भात वाढला आणि मग मलाही वाढला, मी मागितला नसताना.

मीही डाव्या हाताने जेवून बघितलं. जमत नाही. वरण कालवताना भात ताटाबाहेर जातो, घास बोटांत बसत नाही, अर्धा तोंडापर्यंत पोचतो आणि अर्धा शर्टावर. वीर हसला. म्हणाला, "काका, अंगठ्याने पुश करा. इट टेक्स प्रॅक्टिस."

शेजारी तो सफाईने जेवत होता. एक शीत सांडलं नाही. एवढा सराव त्याने माझ्यासमोर बसून केला आणि मी तो उद्धटपणा म्हणून लिहून ठेवला.